मार्थामावशींचा मुठीचा डबा

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मार्थामावशी आजारी होत्या तेव्हा त्यांच्यासाठी केलेली पेज मी त्यांच्या दारापर्यंत नेली नाही. नेली असं सांगितलं.

फरीदाबादच्या आमच्या इमारतीत आम्ही तळमजल्यावर, मावशी तिसऱ्या मजल्यावर एकट्या. मूळच्या नगरकडच्या, दिल्लीच्या सरकारी इस्पितळात नर्स म्हणून आयुष्य गेलं. तांदूळ धुण्याआधी त्यातली एक मूठ त्या रोज काढायच्या आणि पत्र्याच्या डब्यात टाकायच्या. हा डबा वर्षातून एकदा, चर्चमधल्या सुगीच्या हंगामाच्या उपासनेला रिकामा व्हायचा, आणि ते तांदूळ गरजूंना जायचे. एरवी त्याला हात लावायचा नाही. एकदा घरातले तांदूळ संपले तर नुसती डाळ प्यायल्या. मी डब्याकडे बोट दाखवलं, तेव्हा म्हणाल्या, "ते माझं नाही रे. कोणाचं आहे ते देवाला ठाऊक."

मी पहिल्यापासून भित्रा. पहिल्या लॉकडाउनमध्ये पलंगाखाली पिठाच्या थैल्या रचल्या होत्या. मावशींनी वाकून पाहिलं. "विल्सन, मिसर देशात दुष्काळासाठी योसेफानंसुद्धा एवढं धान्य कोंबलं नसेल." मी हसलो आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन आणल्या.

दुसऱ्या लाटेत माझी बायको रोझी ऑक्सिजनवर जाऊन परत आली. ते सगळे दिवस आमच्या दाराशी मावशींनी रांधलेला जेवणाचा डबा असायचा. त्या दारापलीकडे उभ्या राहून तिच्या श्वासाची चौकशी करायच्या. मग त्यांनाच ताप भरला. एका दुपारी फोन आला, आवाज ओळखू येईना. "दोन दिवस उठवत नाही रे. थोडी पेज ठेवशील का दाराशी? बेल वाजव आणि पळ."

पेज केली, दोन मास्क चढवले आणि निघालो. दुसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा वरून खोकला ऐकू आला. रोझीचा होता तसाच, आतून ओरबाडणारा. हातातला डबा चटके देत होता. हा आजार मी पुन्हा घरात आणला तर रोझी वाचेल का, एवढंच डोक्यात. मी खाली आलो, पेज मोरीत ओतली आणि फोन केला, "मावशी, दाराशी ठेवलीय."

पलीकडे कडी वाजली. दार करकरत उघडलं आणि परत लागलं. "बरं," त्या म्हणाल्या.

पुन्हा वर जायला हवं होतं. गेलो नाही. फोन मांडीवर घेऊन बसलो. तासाभरानं तो वाजला तेव्हा वाटलं, कोणीतरी सांगणार, मावशी गेल्या. पण त्याच होत्या. "जेवले रे. देवानं पुरवलं."

दुसऱ्याच कोणीतरी काही ठेवलं असेल, असं मी स्वतःला पटवलं. त्या बऱ्या झाल्या. पाळकसाहेबांनी भर उपासनेत माझं नाव घेऊन आभार मानले, लोकांनी हात मिळवले. मावशी गीतांच्या पुस्तकात बघत राहिल्या. तेव्हापासून चर्चमध्ये त्या देवाच्या उपकारांची साक्ष द्यायला उठल्या की मी मागच्या दाराकडे सरकायचो.

गेल्या हिवाळ्यात त्या भाचीकडे नगरला कायमच्या निघाल्या. आदल्या दिवशी मला जेवायला बोलावलं. तांदळातली मूठ डब्यात टाकता टाकता, मान न वळवता म्हणाल्या, "त्या दिवशी तू दुसऱ्या मजल्यावरून परत गेलास. तुझ्या चपलांचा आवाज ओळखते मी."

मग काय खाल्लंत, एवढंच मी विचारलं.

"ह्यातलंच शिजवलं, जमिनीवर बसून. इतकी वर्षं कोणासाठी राखत होते ते तेव्हा कळलं."

चर्चमध्ये का नाही बोललात, असं मी म्हणालो.

"ते मी कशाला सांगू? ते तुझं आहे."

फेब्रुवारीत मावशी वारल्या. मुठीचा डबा त्यांनी नगरला निघताना रोझीला दिला होता; ती रोज मूठ टाकते आणि मी बघतो. चर्चची मंडळी अजून समजते की मावशी माझ्या पेजेवर उठल्या. ती पेज मी नेली नव्हती, हे आधी रोझीला आणि मग मंडळीपुढे उभं राहून सांगणं माझ्याकडे बाकी आहे.