शुभहस्ते

आमच्या मतदारसंघाचा इतिहास मी कुठल्या पुस्तकात वाचला नाही. गावच्या नाल्याकाठी तीन आमदार दगडावर कोरलेले आहेत, ओळीने, आणि तिन्ही दगड एकाच पुलाच्या भूमिपूजनाचे आहेत. पूल तेवढा नव्हता.

पहिला दगड बसला तेव्हा मी पाचवीत होते आणि स्वागतगीत म्हणणाऱ्या मुलींत होते. पूल होणार म्हणून आईने घरी शिरा केला होता. चौथीच्या पुढची शाळा नाल्यापलीकडे, त्यामुळे पावसाळ्यात नाला भरला की आम्ही मुली घरी. खाडे इतके झाले की सहावीत मी नापास झाले. माझ्याबरोबरच्या बहुतेकींचं दप्तर कायमचं खुंटीला लागलं. मी हट्टाने पुन्हा बसले. तो हट्ट अजून गेलेला नाही.

दुसरे आमदार पहिल्यांना पाडून आलेले. आधीचा दगड त्यांना दिसलाच नाही. त्याच्या शेजारीच उभं राहून त्यांनी नवा नारळ फोडला. मग मतदारसंघांची फेररचना झाली आणि आमचं गाव जागचं न हलता शेजारच्या मतदारसंघात गेलं. हे आम्हाला उमगायला वर्ष लागलं. वडील तेव्हा सरपंच होते, ते अर्ज घेऊन जुन्याच आमदारांकडे जात राहिले. आमदार दर वेळी चहा पाजत. शेवटी एकदा त्यांनी हसत सांगितलं की तुमचं गाव आता आमच्याकडे नाही. वडिलांना ते फार लागलं. नव्या मतदारसंघाच्या आमदारांनी तिसरा दगड लावला, ग्रॅनाइटचा, स्वतःच्या फोटोसकट. त्या कार्यक्रमाला वडील गेले नाहीत.

मी गावच्याच शाळेत शिक्षिका झाले. चौथीच्या मुलांना जोडाक्षरं वाचायला मी नाल्यावर न्यायचे, कारण 'सदस्य', 'उपस्थिती', 'शुभहस्ते' असे शब्द तिथे फुकटात होते. एकदा एका मुलीने तिन्ही दगड न अडखळता वाचले. मी शाबासकी दिली. ती पलीकडे बघत म्हणाली, "मॅडम, पण पूल कोठी हाये?"

मला स्वतःची लाज वाटली. येत्या जूनमध्ये ती पाचवीत जाणार होती.

त्याच हिवाळ्यात नव्या आमदारांचा चौथा दगड आला. त्या मुलीची आई, मी आणि गावातल्या दहा-बारा बाया, दगड उतरू द्यायचा नाही म्हणून गाडीमागे जाऊन उभ्या राहिलो. आमदार तरुण होते, बोलायला नम्र. निधी मंजूर आहे, काम लगेच सुरू होतंय, मग अडवता कशाला, असं त्यांनी विचारलं.

"साहेब, तीन दगड लागले इथं," मी म्हटलं. "तिघायचेही हात शुभच होते. हा चौथा मी माह्या घरी नेतो. पोरी पुलावरून शाळेत गेल्या का तुम्ही येजा, मीच लावून देतो."

कार्यकर्त्यांचा तिळपापड झाला. पण आमदारांनीच दगड माझ्या अंगणात उतरवायला सांगितला. तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून उभा आहे. दर महिन्याला मी त्यांना फोन करून दगड सुखरूप असल्याचं कळवते. त्यांचा माणूस दोनदा दगड परत मागायला आला. दोन्ही वेळा मी त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हाताने परत पाठवलं.

आज नाल्यात खांब उभे आहेत, वरचा स्लॅब बाकी आहे. गेल्या पावसाळ्यात त्या मुलीचेही खाडे झालेच. त्या दिवसांत मी तिला माझ्या ओट्यावर शिकवलं आणि ती पाचवी पास झाली. समोर दगड असायचा. त्यावरची भूमिपूजनाची तारीख मी पाथरवट बोलावून घासून काढली आहे. आमदारांचं नाव राहू दिलं, 'शुभहस्ते'ही राहू दिलं. तारखेची जागा कोरी आहे. भर श्रावणात, नाला दुथडी भरून वाहत असताना, पलीकडच्या शाळेत ही पोर "हजर" म्हणेल, त्या दिवसाची तारीख तिथे पडेल.