पंढरीनाथांच्या साड्या

पंढरीनाथ गेले तेव्हा त्यांची स्वप्नाली सातवीत होती. शाळेत पोरं चिडवायची, "हिचा बाप साडी नेसून नाचायचा!" मुलगी रडत घरी यायची आणि तिच्या आईच्या, मनोरमाच्या, अंगाचा तिळपापड व्हायचा. गणपतीच्या मांडवांतून बायकांची सोंगं घेऊन या माणसाने गावोगाव लोकांना हसवलं, आणि त्याच्याच लेकीने मान खाली घालायची?

म्हणून १९८९ साली तिने मीरा रोडच्या आपल्या सोसायटीत तळमजल्यावरची खोली मागून घेतली आणि नवऱ्याचं संग्रहालय मांडलं. गंगावनं, चाळ, फोटो आणि भिंतभर जरीच्या नऊवारी. एकीखाली लिहिलं, 'भांडखोर विहीणबाई', दुसरीखाली 'नखरेल मावशी'. पार उत्तनहून माणसं यायची. शाळेच्या बाई वर्ग घेऊन आल्या, तेव्हापासून चिडवणं थांबलं. स्वप्नाली स्वतः मैत्रिणींना घेऊन यायला लागली.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला सेक्रेटरी गुणवंत यांच्या बायकोने, उर्मिलाने, हळदीकुंकवासाठी खोलीची किल्ली मागितली. मनोरमाने दिली. तिला, विधवेला, बोलावणं नव्हतंच.

हळदीकुंकू झाल्यावर तिने दार उघडलं, तर भिंत उघडी. एकही साडी नाही.

"अगं बाई, त्या होय?" उर्मिला म्हणाली. "साफसफाई करत होतो, तेवढ्यात बोहारीण आली. जर बघून एवढी खूश झाली! सगळ्यांच्या वाणाच्या वाट्या त्यातच सुटल्या. तुमच्यासाठीपण एक ठेवलीय हं काकू. आम्ही असलं काही मानत नाही."

"मला बोलवायचं म्हटलं की अपशकुन," मनोरमा कडाडली, "आणि माझ्या नवऱ्याच्या साड्यांवर वाण लुटताना नाही झाला?"

घरोघर फिरून तिने वाट्या गोळा केल्या. एकदोघींनी तोंड वाकडं केलं, पण दिल्या. पिशवी घेऊन ती भाईंदरला बोहारणीच्या दारात गेली. "जरीसाठी साड्या जाळल्या ना ताई," बोहारीण म्हणाली. "चांदी सोनाराकडे गेली. आता कुठून आणू?"

चार दिवसांनी गुणवंत खडू आणि फळा घेऊन आले. "काकू, 'अपरिहार्य कारणामुळे बंद' असं लिहू या का? उगाच सोसायटीचं नाव नको."

मनोरमाने खडू त्यांच्या हातातून घेतला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'सोसायटीच्या बायकांनी पंढरीनाथांच्या साड्या देऊन वाट्या घेतल्या, म्हणून संग्रहालय बंद.'

"काकू, येणारेजाणारे वाचतील हो!"

"वाचू देत," ती म्हणाली, आणि फळा उचलून तिने तो थेट गेटवर टांगला.