भेट झाली

मदत केंद्रात तिला सगळे तिप्पटताई म्हणत. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना रोज घरी जाऊन बघून यायचं, हे तिचं काम. पण एक भेट तीन खात्यांच्या तीन पोर्टलांवर भरायची. आरोग्य खात्याला वय हवं, कल्याण खात्याला जन्मतारीख, आणि निवारा खात्याला माणूस नकोच, नुसता घर क्रमांक. एकाचं दुसऱ्याशी जमेल तर शपथ!

"ही एक दिवस आमटीतही तीनदा मीठ घालणार," नवरा चिडवायचा.

त्यात नव्या नोंदी चारला बंद, आणि म्हातारी माणसं झोपून उठायची चारनंतर. म्हणून केंद्रातल्या बायका आधीच 'भेट झाली' असं भरून टाकत आणि मग भेटीला निघत. साहेबांनाही ते ठाऊक होतं.

त्या सोमवारी तिने शिंपीकाकांची भेट अशीच भरली. काका पायाने अधू, तिच्याशिवाय त्यांचं दार वाजवणारं कुणी नाही. ती निघणार तेवढ्यात कल्याण खात्याने महिन्याची सगळी यादी परत पाठवली. काय तर म्हणे, आडनाव आधी हवं, आजच्या आज दुरुस्त करा! दोनशे नावं उलटीपालटी करता करता सहा वाजले. 'जळलं मेलं ते पोर्टल,' म्हणत ती घरी गेली. काकांकडे सकाळी जाऊ, एका दिवसाने काय होतंय?

सकाळी तिने तिच्याकडच्या किल्लीने दार उघडलं, तर काका शिलाई मशीनजवळ जमिनीवर पडलेले. लेंगा ओला, ओठ सुकलेले, हातात फोन. तिने रुग्णवाहिका बोलावली आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन चमच्याने पाणी पाजलं.

"कधी पडलात?"

"काल. पाच वाजले असतील."

"अहो, मग मदतीच्या नंबरवर फोन नाही का करायचा?"

"केला ना. म्हटलं, ताईला पाठवा. ती मुलगी म्हणाली, आजोबा, आज तुमच्याकडे भेट झालीय, इथे दिसतंय. आता उद्याच."

तिला शिसारी आली, त्या पोर्टलांची आणि त्याहून जास्त स्वतःची. कधी कशावर एकमत न होणारी तिन्ही खाती नेमकी या खोट्यावर एक झाली होती!

"मग मीही म्हटलं, येऊन गेली असशील," काका कसंनुसं हसले. "हल्ली मी फार विसरतो गं. तुला परत कशाला त्रास द्यायचा?"

"तुम्ही नाही हो विसरलात, काका," तिला रडू आवरेना. "मी आलेच नव्हते."