मान हलण्याआधी

दोरवाल्यांचं काम असं, की ते दिसलं तर वाया गेलं. पडद्यावर हिरो झेप घेतो, लोक शिट्ट्या मारतात, आणि त्याला वर ओढणारे चार बाप्ये लाकडी भिंतीमागे घामाघूम उभे असतात. दोरी मागाहून कॉम्प्युटरवर पुसून टाकायची, की झालं. दाजी अशा चौघांतला मुकादम. तीस वर्षं त्याने माणसं उडवली आणि एकालाही खरचटू दिलं नाही. 'दाजी' हे काही त्याचं नाव नव्हे. बायकोचा धाकटा भाऊ त्याच्याच हाताखाली उडायला लागला, भर स्टुडिओत "दाजी, दाजी" करत फिरायचा; मग काय, फाईट मास्टरपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचाच तो दाजी झाला. मेहुण्याला तिथे पतंग म्हणत. हिरोचे कपडे घालून हिरोच्या जागी हवेत जायचं, हे त्याचं काम.

आता पतंग दाजीच्याच घरात, बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या पलंगावर पडून होता. आठ महिने झाले. मानेखालचं फारसं काही त्याचं राहिलं नव्हतं. उजव्या अंगठ्यात रिमोट दाबण्याइतकी धुगधुगी होती, तेवढीच. दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते दाजीच करायचा. बायको येईल त्याला सांगायची, "सख्खा भाऊ करणार नाही एवढं करतात हो." ते ऐकलं की दाजी उठून मोरीत जायचा आणि उगीच हात धूत बसायचा.

कारण खरं काय ते त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. दोरवाल्यांचा नियम आहे, दिग्दर्शकाने घसा फोडला तरी दोरी ओढायची नाही. ओढायची ती उडणाऱ्याच्या खुणेवर. कमरेचे दोन्ही हुक लागले, की उडणारा डावी मूठ वळतो आणि मुकादम 'ओढ' म्हणतो. तीस वर्षं हीच खूण. पण या नव्या मालिकेतल्या सुपरहिरोची ऐटच अशी, की उडण्याआधी तो डावी मूठ वळून आभाळाकडे बघतो. म्हणून त्या सकाळी मास्टरांनी सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं, "आजपासून मूठ हिरोची. आपली खूण मानेची." दाजीनेच ते पतंगकडून दोनदा वदवून घेतलं. आणि तासाभराने पतंगने कॅमेऱ्यासाठी मूठ वळली, दुसरा हुक अजून लोंबतच होता, आणि दाजीच्या तोंडून 'ओढ' निघून गेलं. तीस वर्षांची सवय बोलली, दाजी नव्हे. पण पडला तो पतंग.

एका हुकावर तो तिरका वर गेला, वीस फुटांवर तोही हुक सुटला, आणि तो गादीच्या पलीकडे आपटला. चौकशीत दाजी म्हणाला, "त्याने मान हलवली." बाकीचे तिघे दाजीच्या पाठीकडे बघत होते, ते काय सांगणार कपाळ? शुद्धीवर आलेल्या पतंगला त्या दिवशीच्या चहानंतरचं काहीच आठवेना. "हुक न बघता मी मान कशी हलवली हो, दाजी?" त्याने विचारलं. दाजी म्हणाला, "होतं असं कधीकधी." एवढं बोलून त्याने पोराच्या छातीवर धोंडा ठेवला आणि वर रोज त्याची पाठ पुसत राहिला.

तो शॉट फेकून दिला असेल, अशी त्याला आशा होती. पण मालिकेच्या जाहिरातीत सुपरहिरो तिरका झेपावताना दिसला आणि दाजीच्या तोंडचं पाणी पळालं. पतंग मात्र खुळ्यासारखा खूश. "पहिल्याच भागात मी आहे, ताई! सात वाजता सगळ्यांनी इथे बसायचं." दाजीने नाना सबबी सांगून पाहिल्या. नेट बंद पडलंय म्हणाला, तुला त्रास होईल म्हणाला. बायकोचे डोळे भरून आले. "तुमच्याच जिवाला लागतंय ते," ती म्हणाली. "बघू दे त्याला."

सातला शेजारच्या शिंपीणबाईही खुर्ची घेऊन आल्या. त्यांचं तोंड म्हणजे बारा महिने चालू मशीन. "हिरो काय सर्दी झाल्यासारखा बोलतोय!" "अगंबाई, काखेत बघा, शिवण उसवायला आलीय. जगाला वाचवणार म्हणे हा!" "आई मेली तरी डोळ्यांत टिपूस नाही मेल्याच्या." पतंग खदाखदा हसत होता. आठ महिन्यांत तो असा हसला नव्हता. दाजी दाराच्या चौकटीला टेकून उभा होता आणि त्याचा जीव टांगणीला लागला होता.

शेवटच्या पाच मिनिटांत ते आलं. जळती इमारत, गच्चीवर निळ्या कपड्यांतला वीर. तोंड नटाचं, कॉम्प्युटरने चिकटवलेलं. पण खांदे, कंबर, उभं राहणं पतंगचं. डावी मूठ वळली. सगळं संथ केलेलं, एकेक बोट मिटताना दिसावं इतकं. आणि तो तिरका वर गेला. "काय झेप आहे!" शिंपीणबाई ओरडल्या. "सरळ उडणारे पुष्कळ पाहिले, हा तिरका झोकात जातो बघा!" भाग संपला. दहांपैकी सहा गुण देऊन बाई खुर्ची उचलून गेल्या.

पतंगने अंगठ्याने शॉट मागे नेला. एकदा, दोनदा, तीनदा.

"दाजी," तो म्हणाला, "मान हलतच नाहीये."

मग पतंग स्वतःच हसला. "हात् तिच्या! दोरी पुसली, तोंड पुसलं, माझी मानही पुसली की हो त्यांनी!"

बस्स. एवढं 'हो' म्हटलं की जन्माची सुटका होती. दाजीने ते म्हटलंही. "हो, पुसली असेल."

"तरी पण हलवली तर होतीच," पतंग छताकडे बघत म्हणाला. "रोज रात्री आठवून बघतो, आठवतच नाही. माझ्या एका चुकीने तुमचा तीस वर्षांचा लौकिक गेला, दाजी. हे तुमच्यापाशी कधी बोललो नाही. माफ करा मला."

दाजीला ते सोसलं नाही. "पुसली नाही रे," तो म्हणाला. "तू हलवलीच नव्हतीस. मूठ बघून मीच ओढलं."

बायको चहाचे कप गोळा करत होती, ती तशीच थांबली. "आठ महिने?" एवढंच ती म्हणाली. नवऱ्याकडे तिने परक्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. पतंगने मान भिंतीकडे वळवली. तो रडतोय की नाही हे कळायला मार्ग नव्हता, आणि पुढे होऊन बघायची दाजीची छाती झाली नाही.

बऱ्याच वेळाने पतंग म्हणाला, "ताई, आठ वाजून गेले." त्याला वळवायची वेळ झाली होती. ती पदर खोचून पुढे झाली, त्याच्या खांद्याखाली हात घालून तिने जोर लावला. तो जागचा हलला नाही. तिने पुन्हा लावला. तिला हुंदका फुटला.

"तुला नाही जमायचं," पतंग म्हणाला. "येऊ दे त्यांना."

दाजी पलंगाशी आला. रोजच्यासारखे त्याने दोन्ही हात पाठीखाली सरकवले.

"थांबा," पतंग म्हणाला. त्याने मान फिरवली आणि सरळ दाजीच्या डोळ्यांत पाहिलं. "मी मान हलवेन. मग."

दाजी वाकलेला तसाच राहिला. पलीकडे शिंपीणबाईंची शिलाईची मशीन सुरू झाली. हातांना रग लागली, कंबर भरून आली, तरी त्याने त्या चेहऱ्यावरची नजर काढली नाही. मान हलली नव्हती. दाजी थांबून होता.