'कुठे'ची कोरी घडी

दहावीतली मुलगी कुठे आहे हे तिच्या शाळेलाच माहीत नसेल, तर गैरहजेरीचा लाल शेरा कुणाच्या नावापुढे मारायचा, सांगाल?

मी नाशिकमध्ये पत्रकांच्या घरात वाढले. बाबा चळवळीची पत्रकं लिहायचे, मी घड्या घालायचे. त्यांचा नियम एकच: सभा कुठे आणि किती वाजता हे नसेल, तर पत्रक म्हणजे रद्दी. मला घोषणा पाठ झाल्या, नियम लक्षात राहिला नाही.

दोन वर्षांपूर्वी सुरगाण्याच्या डोंगरातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला गेले. दहावीला अ‍ॅडव्हर्बियल, म्हणजे क्रियाविशेषणं, शिकवताना मी पत्रकासारखे घडीचे कागद केले. वर वाक्य, 'माय फॅमिली वर्क्स'. खाली तीन घड्या: कसं, कुठे, केव्हा. इंग्रजीत सहसा याच क्रमानं येतात. एक शब्द चालेल, शब्दांचा गट चालेल, फक्त क्रियेबद्दल काही कळलं पाहिजे. हे शब्द काढले तरी वाक्य बहुतेकदा उभं राहतं, असंही मी सांगितलं.

पहिल्या बाकावरच्या मुलीनं 'कसं'मध्ये 'हार्ड' लिहिलं, 'केव्हा'मध्ये 'आफ्टर दिवाली'. 'कुठे' कोरं. मी तिथं लाल पेनानं गोल केला.

"अपूर्ण का?"

"ठावं नाय, मॅडम."

"आईवडील कुठे कामाला जातात ते ठाऊक नाही?"

मागून एक मुलगा म्हणाला, "ती जीपमधी बसली की झोपती, मॅडम. तिला काय कळतंय!"

वर्ग हसला. तिनं मागं न बघताच सुनावलं, "तू तर वर्गातच झोपतो." मग मला म्हणाली, "द्राक्षाच्या बागंत जातो. पर कुणाच्या, ते आधी नाय कळत. नाक्यावर उभं राहायचं. ज्याची गाडी आली त्याच्या बागंत. तिथलं काम सरलं की परत नाका." जरा थांबून, "आन् मॅडम, तुमीच सांगितलं ना, हे काढलं तरी वाक्य चालतं?"

मी लाल गोल खोडला नाही. शिक्षणाच्या हक्कावर तावातावानं बोलत राहिले. तिनं कागदाची घडी घातली.

दिवाळीनंतर तीही गेली. "परीक्षेला येते," म्हणाली. कशी येणार, कोण सोडणार, मी विचारलं नाही.

पाडा रिकामा झाला. दारांना कड्या, एका ओट्यावर दोन म्हाताऱ्या. शाळेमागच्या खोलीत मी एकटीपुरता भात शिजवायचे आणि तपासून झालेले कागद पुन्हा तपासायचे. कधी कधी फळ्याशी उभी राहून उरलेल्या चार मुलांसमोर इतक्या मोठ्यानं बोलायचे की माझाच आवाज मला परका वाटे.

फेब्रुवारीत तिचं हॉलतिकीट आलं. वडिलांचा फोन बंद. तीन रविवार मी दिंडोरीकडच्या बागांतून हिंडले. प्रत्येक फाटकावर राखणदार विचारायचा, "कुणाच्या बागेत आहे ती?"

"माहीत नाही."

"मग ताई, शोधता कसं?"

एकानं माझं तोंड बघून द्राक्षांचा घड हातात ठेवला. परतीच्या बसमध्ये तो मांडीवर घेऊन बसले. खाववला नाही.

पहिल्या पेपरला केंद्राच्या फाटकाशी उभी होते. रस्त्यावर येणारी प्रत्येक जीप बघत होते. घंटा झाली, फाटक लागलं. ती आली नाही. हॉलतिकीट अजून माझ्याकडे आहे. फोटोत तिनं केस पाण्यानं चापून बसवलेत.

आता बाबांच्या नियमानं लिहिते. तुमची बाग असेल, तर दिवाळीनंतर मजुरांची गाडी उतरेल त्याच दिवशी, फाटकातच, प्रत्येक मुलामुलीला विचारा: कितवीत आहेस, शाळा कुठली? दहावीतलं कुणी निघालं, तर त्या शाळेला फोन करून बागेचा पत्ता द्या. आणि पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी काम थांबवून त्या लेकराला गावाकडच्या जीपमध्ये स्वतः बसवून द्या.