वर म्हणजे पूर्वेला

नाव: रूथमिला वेर्लमन. वय: अठ्ठावन्न. हुद्दा: प्रवेशद्वार सहायक, राखीव उद्यान, अरुबा. शारीरिक ओळखखूण: उजवा गुडघा. कामाचे स्वरूप: अभ्यागतांस निःसंदिग्ध मार्गदर्शन करणे.

त्या मंगळवारी नऊच्या सुमारास एक डच म्हातारा आला. एकटाच, हातात पाण्याची छोटी बाटली. त्याला कातळातलं समुद्राचं कुंड बघायचं होतं. तांता रूथनं (आमच्याकडे मावशीला तांता म्हणतात) निःसंदिग्ध सांगितलं, "फाट्यावरून वर जा."

चालत दीड तासाची वाट. मी उद्यानाचा रखवालदार, त्या दिवशी कुंडावर नेमलेला. दुपारी एकला मी तिला वायरलेसवर कळवलं, म्हातारा इकडे फिरकलेलाच नाही.

"नीट बघ, बॉइड. डुंबत असेल."

"तांता, पाण्यात मासे आहेत आणि काठावर मी आहे. बाकी कोणी नाही."

"मी तर नीट सांगितलं होतं, फाट्यावरून वर जा." आमच्याकडे वर म्हणजे वारा येतो ती बाजू, पूर्व. माझी आई मीठसुद्धा 'जरा वर सरकव' म्हणते. चढ-उताराचा त्यात काही संबंध नाही. कुंड तर खाली समुद्राकाठी आहे. परक्या माणसाला मात्र वर म्हणजे वर. आणि फाट्यावरून वर फक्त डोंगर होता. निवडुंग, काटे, सावली नाही.

"देवा," ती म्हणाली, "मी त्याला डोंगर चढायला लावला."

जीप घेऊन मी फाटकाशी पोचलो, तर ती पाण्याचा कॅन घेऊन रस्त्यातच उभी.

"तू थांब, तांता. तुझा गुडघा."

"गुडघा इथलाच आहे, उन्हानं मरणार नाही. गाडी हाक!"

जीप अर्ध्या डोंगरापर्यंतच जाते. पुढे आम्ही हाका मारत चढलो. उत्तर फक्त बकऱ्यांनी दिलं. दर वळणावर ती विचारी, "तो पांढरा दगडच आहे ना रे?" मी आधी बघून मग हो म्हणे.

तिसऱ्या वेळी तो दगड नव्हता. म्हातारा एका निवडुंगाच्या खांबाला चिकटून बसला होता, ओठ फुटलेले. तांतानं फडकं भिजवून त्याच्या तोंडावर धरलं. त्यानं डोळे किलकिले केले.

"बाई," तो म्हणाला, "समुद्र अजून किती वर आहे?"

अहवालात नोंद झाली: अभ्यागतास स्थानिक दिशावाचक संज्ञा अवगत नव्हती; तीन दिवसांच्या उपचारांनंतर प्रकृती स्थिर; संबंधित कर्मचारी त्या काळात गुडघेदुखीच्या कारणास्तव घरी विश्रांतीवर.

ती तिन्ही दिवस इस्पितळात, त्याच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून होती.