अंगठ्याची शिवण

बोनकोड्याच्या कान्हा म्हात्रेची भातशेती नव्या शहरासाठी गेली, तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. पुढची काही वर्षं त्यानं मिळेल ते केलं. रेती उपसली, रस्त्याच्या कामावर खडी वाहिली. एकोणऐंशी साली ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका लहानशा कारखान्यात तो चिकटला. गावात त्यानं सांगितलं, कंपनीत लागलोय, मशीनवर हाय. ते खोटं नव्हतं. पण मशीन कसली, हे त्यानं आईला सांगितलं नाही, आणि बायकोला, पुतळालाही नाही.

कारखान्यात वेल्डिंग करणाऱ्यांसाठी चामड्याचे हातमोजे शिवायचे. आगरी घरातल्या पोरानं चामड्याला हात लावला, हे गावात कळलं असतं तर ओट्याओट्यावर चघळलं गेलं असतं. म्हणून सुटी झाली की कान्हा नळाखाली कोपरापर्यंत साबण चोळायचा, मग हाताला खोबरेल लावायचा, शर्ट बदलायचा आणि मगच सायकलवर टांग टाकायचा. तरी घरी जेवताना हात तोंडाजवळ नेला की त्याला तो वास यायचाच. आपल्यालाच येतोय की सगळ्यांना, हे त्याला कधी कळलं नाही.

मशीन त्याला शिकवली सिताराम साळवेनं. हा जालन्याकडचा माणूस, चाळिशीचा, दिघ्याला खोली करून राहायचा. बौद्ध होता. कारखान्यातला सगळ्यात जुना कारागीर तोच. त्यानं कान्हाला पहिले आठ दिवस दोरा ओवूच दिला नाही. नुसत्या सुईनं, जुन्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीची रेघ मारून त्यावरून भोकं पाडत जायचं. ही मशीन घरच्या शिलाई मशीनसारखी हलकी नव्हती. पायाखालची पट्टी जरा जास्त दाबली की मोटर अशी सुटायची की पुठ्ठा हातातून ओढून न्यायची. कान्हाची रेघ सापासारखी वळायची आणि शेजारच्या बाया तोंडाला पदर लावायच्या.

"पायात जोर नको, कान पाहिजे," सिताराम म्हणायचा. "मोटर कुठं ओढ घ्याया लागली ते ऐकून पाय ठिवायचा. आन् कापड उसवून पुन्हा शिवता येतं, चामड्याला भोक पडलं की ते ऱ्हातं. म्हणून कोपऱ्यावर आलास की पाय सोड, चाक हातानं फिरव."

कान्हानं पहिल्या महिन्यात किती सुया मोडल्या, ते सितारामनं कुणाला कळू दिलं नाही. चुकलेले तुकडे तो स्वतःच्या कातरणाच्या ढिगात सरकवायचा. एवढं करूनही जेवणाच्या सुटीत कान्हा त्याच्याबरोबर बसत नसे. खिडकीपाशी वारा येतो, असं सांगून लांब बसायचा. सिताराम फक्त मान हलवायचा.

हातमोज्यात सगळ्यात अवघड अंगठ्याची शिवण. चार पदर एका ठिकाणी येतात, आणि तिथंच वळायचं असतं. दुसऱ्या महिन्यात अंगठा शिवताना कान्हा घाईला आला, चाकावर हात न नेता पायानंच वळला. सुई त्याच्या उजव्या हाताच्या बोटातून नखासकट आरपार गेली. सितारामनं मोटर बंद केली, चाक उलटं फिरवून हळूच सुई वर काढली आणि त्याला सायकलवर डबल सीट दवाखान्यात नेलं.

दुपारी कान्हानं डबा उघडला, पण पट्टी बांधलेल्या हातानं त्याला भाकरी मोडेना. सिताराम उठून आला, त्याच्या डब्यातली भाकरी त्यानं आपल्या हातानं कुस्करली, कालवणात कालवली आणि चमचा आणून दिला. कान्हानं मान खाली घालून सगळं खाल्लं. घरी बोटाबद्दल त्यानं दरवाजात चेमटल्याचं सांगितलं.

पुढच्या रविवारी सकाळी सिताराम बोनकोड्याला आला. विचारत विचारत थेट अंगणात. हातात पेरूंची पिशवी होती. ओट्यावर कान्हाची आई बयाबाई जाळं सोडवत बसली होती. शेजारी चुलता गंगाराम विडी ओढत होता.

"कोन हाय रं?" गंगारामनं विचारलं. "आरनाव काय?"

सिताराम हसत सांगायला लागला, की मी आणि कान्हा एका ठिकाणी. तेवढ्यात कान्हा धावतच पुढे आला.

"कंपनीतला मानूस हाय, काका. कागदावर सही घ्यायला आलाय."

हे आपल्या तोंडून कसं निघालं, ते त्याला पुढे बरेच महिने उमगलं नाही. सितारामनं त्याच्याकडे एकदाच बघितलं. मग ओट्यावरच्या दोघांकडे बघितलं. मग खिशात हात घालून एक कागद काढला. ती दवाखान्याची चिठ्ठी होती, पट्टी कधी बदलायची ते लिहिलेली. तीच द्यायला तो आला होता. त्यानं ती उलटी केली, पेन पुढे केलं.

"हितं सही करा, म्हात्रे."

पहिल्या दिवसापासून अरे-तुरे करणाऱ्या माणसानं असं म्हटल्यावर कान्हानं पेन घेतलं. दुखऱ्या बोटानं त्यानं कोऱ्या बाजूवर सही केली. बयाबाईनं पानी आनू का म्हणून विचारलं, तर घाई आहे म्हणून सिताराम निघालासुद्धा. पेरू साहेबांनी पाठवलेत, असं सांगून गेला. कान्हाची आई दिवसभर साहेबाचं कौतुक करत होती. पुतळानं त्याच्यापुढे चिरलेला पेरू ठेवला, तो त्यानं खाल्ला नाही.

सोमवारी तो लवकर गेला. काय बोलायचं ते वाटभर जुळवत गेला. सिताराम मशीनला तेल घालत होता. बोट कसं आहे विचारलं, पट्टी बदलून घे म्हणाला, आणि चामड्याचे चार तुकडे पुढे ठेवून अंगठ्याचं वळण पहिल्यापासून समजावायला लागला. रागावला असता तर बरं झालं असतं, असं कान्हाला वाटलं. जुळवलेलं तसंच राहिलं. त्या दिवसापासून मात्र सितारामनं त्याला नावानं हाक मारली नाही. म्हात्रे म्हणायचा.

कान्हा शिकला. वर्षभरात त्याचा हात असा बसला की अंगठ्याचं सगळं काम त्याच्याकडे आलं. कुणी चांगलं म्हटलं की तो तिथून उठून जायचा.

दोन वर्षांनी एका रविवारी तो दिघ्याला गेला. सितारामची बायको चांगुणाबाई दारात आली. नाव सांगताच म्हणाली, "या की. हे नेमी सांगतात, म्हात्रेचा हात लई साफ हाय." तिनं चहा दिला. कान्हानं कप दोन्ही हातांत धरला. मग समोर बसलेल्या सितारामला म्हणाला, "त्या दिशी मी खोटा बोललो. तुझी वळख द्यायची मना लाज वाटली."

सितारामनं चहा संपवून कप खाली ठेवला.

"माझा बाप गावाकडं हाय," तो म्हणाला. "आमच्या माणसांनी मेलेली जनावरं वढायचं सोडलं, तवा त्यानं मार खाल्ला. त्याला मी कापडाचे मोजे शिवतो म्हून सांगितलंय. लाज मलाबी हाय. पर तुझ्या अंगणात मी माझं नाव सांगाया निघालो व्हतो."

कान्हा घरी आला आणि त्यानं आईला, पुतळाला आणि चुलत्याला सगळं सांगितलं. काय शिवतो, कुणी शिकवलं, आणि तो साहेबाचा माणूस कोण होता. गंगाराम विडी टाकून उठला आणि चार महिने त्यांच्या घरचं पाणी प्यायला नाही. पुढे त्याचाच जावई कामाशिवाय बसला, तेव्हा कारखान्यात शब्द टाक म्हणून तोच आला. बयाबाई एवढंच म्हणाली, "मंग त्याला पानी तरी प्यायला लावायचा होतास."

पुतळाच्या आग्रहानं कान्हानं सितारामला जेवायला बोलावलं. तो बरं म्हणाला आणि आला नाही, पोरगी आजारी होती. गौरीच्या सणाला बोलावलं, तेव्हा त्याला गावी जायचं होतं. आपल्या मुलीच्या बारशाला बोलावलं, तेव्हा जादा पाळी लागली होती. पाळी लागली नव्हती, हे कान्हाला माहीत होतं. दोघांची पाळी एकच होती.

पंच्याऐंशीला सिताराम भिवंडीकडे दुसऱ्या कारखान्यात गेला. निघताना त्यानं आपली जाड सुयांची डबी कान्हाच्या मशीनवर ठेवली. आता घरी चल, असं म्हणायला कान्हानं तोंड उघडलं होतं. पण चौथ्यांदा विचारायची त्याला लाज वाटली.